भोईर मॅडमची खाडी

"गजरा बाहेर काढून ठेव आणि मग आत ये."

भोईर मॅडम माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. नाव नाही, गाव नाही, काम काय तेही नाही. मी विद्यापीठाच्या उपकरण केंद्राच्या दारात काचेच्या बाटल्यांचा डबा छातीशी धरून उभी होते. समोर पांढरा कोट घातलेली, सावळी, उंच बाई. केस घट्ट मागे बांधलेले, कानात सोन्याच्या जुन्या वळणाच्या कुड्या, आणि नजर माझ्या डोक्यातल्या मोगऱ्यावर.

"मोगऱ्याचा वास तुला आवडतो तसा आमच्या मशिनलाही आवडतो," त्या म्हणाल्या. "मग ती दिवसभर मोगराच सांगत बसते."

मी मुकाट्यानं गजरा काढला आणि बाहेरच्या खिडकीत ठेवला.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली, सुरुवातीच्या वर्षांतली. मी साताऱ्याकडची. लग्न होऊन सानपाड्याला आले, तिथल्याच एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागले आणि सोबत निर्गुडीच्या पानांतल्या तेलावर पीएचडी करायला घेतली. तेलात नेमकं काय काय आहे ते कळायचं तर मास स्पेक्ट्रोमीटर हवा. पदार्थाचे तुकडे करायचे, त्या तुकड्यांची वजनं सांगायची, आणि त्या वजनांवरून मूळ पदार्थ ओळखायचा, असं ते यंत्र. आमच्या कॉलेजाला ते कुठून परवडणार? विद्यापीठाच्या नवी मुंबईतल्या केंद्रात एक होतं, आणि आसपासची कॉलेजं, लहानसहान औषध कंपन्या, सरकारी खाती असे सगळे त्या एका यंत्रापुढे रांग लावून असायचे. त्या यंत्राच्या आणि त्या रांगेच्या मालकीण म्हणजे डॉ. यमुना भोईर.

मॅडम नमुना कधी सरळ यंत्रात घालायच्या नाहीत. आधी नुसतं द्रावक, म्हणजे ज्यात नमुना विरघळवलाय ते. त्याला ब्लँक म्हणतात. आम्हाला घाई असायची. ब्लँकमध्ये काय बघायचं, तो तर रिकामाच! पण मॅडम पडद्यासमोर हाताची घडी घालून शांत बसायच्या. "आपल्या घरात काय आहे ते आधी बघावं. मग पाहुण्याच्या पिशवीत डोकवावं," असं म्हणायच्या.

माझ्या पहिल्याच नमुन्याच्या आलेखात एक भलंमोठं शिखर आलं. पुस्तकात निर्गुडीच्या नावावर कुठंही नसलेलं. मी खुर्चीतून उठलेच. नवा पदार्थ! मनात मी शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा तयार केलं. मॅडमनी कागद उचलला, एका आकड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "बाटलीला बूच कसलं लावलं होतंस?"

"प्लास्टिकचं."

"मग हा तुझ्या बुचाचा अर्क आहे. निर्गुडीचा त्यात काही दोष नाही."

मी अगदी रडवेली झाले. तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. "अगं, प्रत्येकजण एकदा बुचाचा शोध लावतो. मीही लावलाय. माझ्या सरांनी तर पेढे मागवले होते."

दुसऱ्या खेपेला मी सगळं काचेचं घेऊन गेले.

रांगेच्या बाबतीत त्या फार कडक होत्या. एकदा एक मोठे प्राध्यापक आले, आपल्या विद्यार्थ्याचा नमुना मधेच घ्या म्हणून. बरोबर कुणाची तरी शिफारस होती. मॅडम उठून उभ्या राहिल्या, त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला, आणि कुठल्याशा लहान कंपनीच्या पोराचा नमुना चालू होता तो चालूच ठेवला. चहा संपला, तरी तो चालूच. प्राध्यापकांनी शेवटी विचारलं, "मग आमचं?"

"तुमचं गुरुवारी, सर. मशिनला हुद्दा वाचता येत नाही. मी किती शिकवलं, पण तिला येतच नाही."

पुढे त्या प्राध्यापकांनी कुठल्यातरी समितीत मॅडमबद्दल काहीबाही सांगितलं असं कानावर आलं. मॅडमच्या चेहऱ्यावर त्याचं काही दिसलं नाही.

आमच्याशी त्या अगदी पुस्तकी, नीटस मराठी बोलायच्या. पण वीज गेली की यंत्रातली निर्वात पोकळी जायची, आणि ती परत तयार व्हायला अर्धा-अर्धा दिवस लागायचा. अशा वेळी मॅडम पंपाच्या झाकणावर तळवा ठेवून उभ्या राहायच्या आणि हळू आवाजात म्हणायच्या, "काय झाला गो तुला? कालपत्तुर बरी व्हतीस नं?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चमकून पाहिलं. त्यांनीही पाहिलं. "आमच्या घरात असंच बोलतात," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा पंपाकडे वळल्या.

त्यांचं घर म्हणजे घणसोली गाव. खाडीकाठचं. वडील मिठागरात होते आणि होडीही होती. वडील लवकर गेले. आईनं मासळीची टोपली डोक्यावर घेतली आणि दोन पोरांना वाढवलं. धाकटा जनार्दन, सगळे त्याला जनू म्हणायचे. तो होडी चालवायचा. थोरली यमुना शिकत गेली, शिकतच गेली. ती डॉक्टर झाली तेव्हा गावानं गावदेवीच्या अंगणात तिला शाल आणि नारळ दिला होता. गावातल्या म्हाताऱ्या बायका नंतर महिनाभर तिच्याकडे गुडघे दाखवायला येत होत्या. कसली डॉक्टर ते कुणालाच समजावता आलं नाही. शेवटी मॅडमनी सगळ्यांना तीळतेल चोळायला सांगितलं. हे त्या स्वतःच सांगायच्या, आणि सांगताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या.

लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची आमच्यापैकी कुणाची छाती नव्हती. कोपरखैरण्याला एक खोली-स्वयंपाकघर होतं, पण आठवड्यातले चार दिवस तरी पाय आईकडे वळायचे.

त्या आईला मी केंद्रातच पाहिलं. भर दुपारी एक ठेंगणी, काटक बाई दारात येऊन उभी राहिली. नऊवारी गुडघ्यापर्यंत, कपाळावर मोठं कुंकू, हातात फडक्यात बांधलेला डबा. टोपली तिनं बाहेरच ठेवली होती, पण मासळीचा वास आत आलाच. आम्ही सगळे मॅडमकडे पाहायला लागलो. मोगऱ्याला बंदी, मग याला काय?

मॅडम लगबगीनं दाराशी गेल्या. "आये, उनाची कशाला आयलीस?"

"तूच डबा इसरून गेलीस. मंग उपाशी रायशील दिसभर." आई आत डोकावत म्हणाली, "हीच का ती तुजी मशिन? ह्यान काय दिसतं गो?"

एवढ्या व्याख्यानांत आम्हाला जे सांगायच्या ते आईला कसं सांगणार म्हणून मी कान देऊन ऐकत होते.

"जाल्यान गावलेली मासली आपन निवरतो नाय का, आये? बारकी एकीकरं, मोटी एकीकरं? ही तसंच करते. पन डोल्याला दिसत नाय अशी मासली निवरते."

आईनं यंत्राकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं.

"मंग तू बी मासलीच निवरतेस. येवरा शिकून!"

सगळी खोली हसली. मॅडम तर दाराला टेकून हसल्या. आईला बाहेर व्हरांड्यात बाकावर बसवलं, पाणी दिलं. नंतर आत येऊन त्यांनी खिडक्या उघडल्या, पंखे लावले आणि आम्हाला बजावलं, "आता अर्धा तास ब्लँक. कुणी तोंड वाकडं करायचं नाही."

यानंतर दीड-दोन वर्षं गेली असतील. माझं काम बरंच पुढं सरकलं होतं. एका सकाळी गेले तर मॅडमच्या टेबलापाशी जनू बसला होता. बहिणीसारखाच उंच, उन्हानं रापलेला. पायाशी बर्फाचा डबा होता.

"मासलीला राकेलाचा वास मारतंय," तो म्हणत होता. "बोयला, कोलंबीला, समद्यांना. शिजवली तरी जात नाय. बाया टोपल्या भरून नेतात नि परत आनतात. वरच्या नाल्यानं रातचं पानी सोरतात, ताय. त्या रंगाच्या कारखान्याचंच हाय, समद्यांना ठावं हाय. पन कागद पायजे म्हनतात सायेब लोक. तुज्या मशिनीला इचार, कोनाचं पानी हाय."

मॅडमनी रीतसर अर्ज भरून घेतला. गावाच्या मच्छीमार सोसायटीच्या नावानं. रांगेत लावला. भाऊ आहे म्हणून एक दिवससुद्धा पुढे घेतला नाही.

ज्या दिवशी त्या नमुन्याची पाळी आली त्या दिवशी माझाही नमुना होता, म्हणून मी तिथं होते. आधी ब्लँक झाला. स्वच्छ, सरळ रेघ. मग लांबच्या समुद्रातली, बाजारातून आणलेली बोय. तीही स्वच्छ. मग घणसोलीच्या खाडीतली.

पडद्यावर शिखरं उभी राहायला लागली. मी इतकी शिकले होते की एक गोष्ट मलाही ओळखता आली. पदार्थात क्लोरीन असला की एका शिखराजवळच, दोन घरं सोडून, त्याचा धाकटा भाऊ उभा राहतो. तशा जोड्या होत्या. एक नाही, कितीतरी. निसर्गात, मासळीच्या अंगात यांचं काही काम नाही. ही रंगाच्या कारखान्यातली मंडळी.

मॅडमनी खुर्ची पुढं ओढली. मग म्हणाल्या, "बाटलीतलं असेल."

आम्ही कुणी असं म्हटलं असतं तर त्यांनी चालवून घेतलं नसतं. त्यांनी नवी काचेची भांडी घेतली. द्रावकाची नवी बाटली फोडली. यंत्राच्या तोंडाची रबरी चकती बदलली. पुन्हा ब्लँक, पुन्हा समुद्रातली मासळी, पुन्हा खाडीतली. त्याच जोड्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी माझा नमुना तसाच परत नेला. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, आणि मलाही सांगावंसं वाटलं नाही.

केंद्राचे संचालक भले गृहस्थ होते. त्यांनी मॅडमना बोलावून सांगितलं, "तुमचंच गाव आहे. उद्या लोक बोलतील. अहवालावर दुसऱ्या कुणाला सही करू द्या."

"यंत्र मी चालवलं, सर. सही दुसऱ्याची कशी?"

त्या रविवारी गावदेवीच्या अंगणात सभा झाली. मॅडमनी मला सोबत नेलं, आलेख धरायला. घणसोलीच्या जुन्या घरांमधल्या त्या बोळांतून जाताना दारादारांतून बायका "यमुना आयली, यमुना आयली" म्हणत होत्या. अंगणात पुरुष पुढे बसलेले, बायका एका बाजूला, मॅडमची आई खांबाला टेकून. जनू लगबगीनं सगळ्यांना पाणी देत होता. लग्नघरातल्या भावासारखा.

मॅडम उभ्या राहिल्या. आलेख मी धरला होता खरा, पण त्यांनी त्याकडे बोटही दाखवलं नाही. सरळ म्हणाल्या, "खाडीच्या पान्यान कारखान्याचं रसायन हाय. मशिनीन साफ दिसलंय."

टाळ्या पडल्या. कुणी शिट्टी मारली. जनूनं हात वर केले.

"आनी ते मासलीच्या अंगान उतरलंय," मॅडम म्हणाल्या. "पानी साफ होईपत्तुर ही मासली कोनी खाव नका. इकू पन नका."

जनूचे हात खाली आले. मागच्या गल्लीतला रेडिओ ऐकू यायला लागला. मग बायकांमधून एक म्हातारी म्हणाली, "मंग काय खावाचं?"

मॅडमनी माझ्या हातातला आलेख घेतला आणि गुंडाळायला लागल्या.

पुढचं सगळं फार भराभर झालं. गावातल्या पुढाऱ्यांनी अहवाल साहेब लोकांकडे नेला, कुणीतरी पेपरला दिला. पेपरात कारखान्याबद्दल खाली चार ओळी आल्या आणि वर मोठ्या अक्षरांत, खाडीची मासळी विषारी. सानपाड्यात आमच्या सोसायटीच्या फळ्यावर ते कात्रण कुणीतरी लावलं. वाशी, कोपरखैरणे, जुईनगर, सगळीकडच्या गिऱ्हाइकांनी घणसोलीच्या बायकांकडे पाठ फिरवली. तपासणीला माणसं आली. नाल्यातून त्या आठवड्यात स्वच्छ पाणी वाहत होतं. ती गेली. कारखान्यानं उलट लिहून दिलं की अहवाल देणारी बाई त्याच गावची आहे, तिचा अहवाल एकतर्फी आहे. केंद्रानं एक समिती नेमली, आणि उरलेले नमुने दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवले.

त्या दिवसांत एकदा संध्याकाळी सानपाडा स्टेशनाजवळच्या बाजारात मॅडमची आई मला दिसली. रांगेतल्या इतर बायका गिऱ्हाइकांना सांगत होत्या, "उरनाची हाय, ताजी हाय." पोटासाठी खोटं सांगत होत्या. एका बाईनं मॅडमच्या आईलाही विचारलं, "मावशी, कुठली?"

"घनसोलीची."

ती बाई पुढं गेली. मग आणखी एक आली, तिलाही तेच उत्तर. शेजारीण वैतागून म्हणाली, "अगो, उरनाची सांग ना! तुजी जीभ काय झरते?" म्हातारी टोपलीवरचं ओलं फडकं नीट करत राहिली. मॅडम कुणावर गेल्या होत्या ते मला तेव्हा कळलं.

आणि म्हणूनच पुढं जे झालं ते मला अजून कुठं ठेवावं ते कळत नाही.

आई पुन्हा केंद्रात आली. या वेळी डबा नव्हता. व्हरांड्यात त्याच बाकावर बसली. मॅडम बाहेर आल्या, तिच्याजवळ बसल्या. दार उघडंच होतं, मी आत बाटल्या धूत होते. ऐकू नये असं वाटलं, पण ऐकू येत होतं.

"येक डाव सांग गो," आई म्हणाली. "मशिन बिघरली व्हती म्हनून सांग. मशिनीला काय, ती बिघरतेच. तुला कोन काय बोलनार हाय?"

"आये..."

"माज्यासाठी नाय बोलत मी. माजा काय उरलाय? बाया माज्या दारावरून जाताना थुकतात. तुज्या भावानं व्हरी नि जाली इकाया काढलीय. येक डाव सांग. मी कवा मागितला काय तुज्याकरं?"

मी नळ बंद केला.

"मशिन बिघरली नाय, आये," मॅडम म्हणाल्या.

आई उठली. पदर खोचला. "बरा," म्हणाली. त्यात राग नव्हता. पायऱ्या उतरून गेली. मॅडम आत आल्या, हात धुतले, पुसले, आणि ज्याचा नंबर होता त्याला हाक मारली. त्या दिवशी त्यांनी शेवटपर्यंत सगळे नमुने चालवले. एकदाही कुणाला रागावल्या नाहीत, आणि त्याचंच आम्हाला भय वाटलं.

भावानं एकदाच बोलून घेतलं, मग बोलणं टाकलं. काय बोलला ते मॅडमनी मला स्वतः सांगितलं. "जनू म्हणाला, आमी इचारला व्हता पानी कोनी नासवला. तू सांगितलास मासली नासली." मग माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "शिंदे, दोन्ही एकच आहे ना गं? की नाही?"

मी मान हलवली. होकाराची की नकाराची, ते मलाही माहीत नव्हतं.

काही महिन्यांनी दुसऱ्या प्रयोगशाळेचं उत्तर आलं. तेच पदार्थ, त्याच जोड्या. समितीनं मॅडमना निर्दोष ठरवलं. संचालक स्वतः खाली आले, सगळ्यांसमोर त्यांचं अभिनंदन केलं. मॅडम "थँक यू, सर" म्हणाल्या. ते गेल्यावर खुर्चीत बसल्या आणि पडद्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "मला वाटलं होतं, निदान तिथं तरी माझं चुकल्याचं निघेल."

आपलं बरोबर निघालं म्हणून इतकं खचलेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

कारखाना बंद झाला नाही. दंड की कसलीशी नोटीस झाली, नाला काही काळ पाइपात घातला. पण गावाच्या हातून जाळं सुटलं ते सुटलंच. होड्या बांधावर उलट्या पडल्या. कुणी रिक्षा घेतली, कुणी खोल्या बांधून भाड्यानं दिल्या, कुणी तळोज्याकडे, नावड्याकडे कंत्राटावर गेलं. जनूला नोकरी लागली ती त्याच रंगाच्या कारखान्याच्या गेटवर, वॉचमनची. गावातल्या पोरांना नोकऱ्या दिल्या की तक्रारी थांबतात, हे कारखान्याला बरोबर कळलं होतं.

मॅडम तशाच येत होत्या, नमुने चालवत होत्या. पण पंपाशी बोलणं बंद झालं. वीज गेली की खुर्चीत बसून राहायच्या. घणसोलीला जायच्या, पण दारातूनच परत यायच्या, असं केंद्रातली झाडूवाली बाई सांगायची. आई आत बोलवायची नाही असं नाही. मॅडमच ओटी चढायच्या नाहीत.

माझा प्रबंध पुरा झाला. आभाराच्या पानावर मी त्यांचं नाव सगळ्यांत वर घातलं होतं, आणि बांधलेली प्रत हातात द्यायला केंद्रात गेले, तर खुर्चीवर दुसरंच कुणी होतं. मॅडम लांब रजेवर गेल्या होत्या. आईला लकवा झाला होता.

मी सरळ घणसोलीला गेले. दुपारची वेळ होती. गावाच्या कडेनं नव्या इमारती वर चढत होत्या, आणि जुन्या घरांच्या मधे त्यांची सावली पडत होती. बोळाच्या तोंडाशी जनू भेटला, खाकी गणवेशात, डबा हातात घेऊन कामावर निघालेला. मी मॅडमचं नाव घेतलं. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलंही नाही, नुसतं हातानं दार दाखवलं. दोन पावलं जाऊन मात्र थांबला. म्हणाला, "आत हाय ती. जा. आये आता वलखत नाय कोनाला."

ओटीवर चपला काढल्या. आत अंधार होता, डोळे सरावायला वेळ लागला. भिंतीशी गादीवर आई टेकून बसली होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, एक हात मांडीवर मेल्यासारखा. समोर जमिनीवर मॅडम. पांढऱ्या कोटाशिवाय मी त्यांना तोवर पाहिलंच नव्हतं. घरातली विटकी साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, आणि पोटऱ्यांवर खाडीचा राखाडी चिखल, वाळून तडकलेला. दोघींच्या मधे एक ताट होतं. भात आणि चिंचेच्या आंबट कालवणातल्या निवट्या. निवट्या म्हणजे चिखलात राहणारी, बोटभर लांबीची खाडीची मासळी.

"ये, शिंदे. बस," मॅडम म्हणाल्या. त्यांना माझं नवल वाटलेलं दिसलं नाही.

आई माझ्याकडे पाहत म्हणाली, "कोनाची गो तू?" आणि उत्तराची वाट न पाहता मॅडमकडे वळून तेच म्हणाली, "कोनाची गो तू?"

"तुजीच, आये. जेव."

त्या मला सांगायला लागल्या, हात न थांबवता. आई दोन आठवडे काही तोंडात घेत नव्हती. बाजारातनं लांबच्या समुद्रातली पापलेटं आणली, सुरमई आणली, तीही थुंकून टाकली. ही आपली नाय, म्हणायची. फक्त निवट्या मागायची. गावात कुणी आता धरत नाही. "मग आज ओहोटीला मीच उतरले. लहानपणी यायचं मला, हात विसरला नव्हता. जनू बोलत नाही अजून. पण पहाटे बघितलं तर त्याची होडी बांधावरनं सरळ करून पाण्यात लावलेली होती. त्याला कुणी सांगितलं कोण जाणे."

नाला पुन्हा तसाच वाहत होता, ते गावात शिरतानाच माझ्या नाकाला कळलं होतं. मी ताटाकडे पाहिलं. माझ्या तोंडून नुसतं "मॅडम..." एवढंच निघालं.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?"

आईनं तोंड उघडलं होतं. मॅडमनी भात कालवला, त्यात निवटीचा मऊ तुकडा दाबला आणि तिच्या तोंडाच्या धडक्या बाजूनं घास भरवला. म्हातारी डोळे मिटून हळूहळू चावत राहिली. चेहऱ्याची चांगली अर्धी बाजू हसत होती.

मग त्याच ताटातून, त्याच हातानं, मॅडमनी स्वतः घास घेतला.

मी मांडीवरचा प्रबंध घट्ट धरून बसले होते. मॅडमनी तो पाहिला, मान हलवली, डाव्या हातानं कोपऱ्यातल्या पाटाकडे खूण केली. मी तो तिथं ठेवला.

"तुला वाढत नाही हं, सुरेखा," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच नावानं हाक मारली. "राग मानू नकोस. जरा थांब, हिचं झालं की चहा ठेवते."

आणि पुढचा घास कालवायला लागल्या.